खोक्यांवरचे दोन दणके

मांजर हे तिचं खरं नाव नव्हे. सिनेमात उंचावरून पडायचं काम करणाऱ्या बाईला तिथं कुणी आईबापानं ठेवलेल्या नावानं हाक मारत नाही. हिरॉइनला चेहरा असतो, हिला नुसती पाठ. गच्चीवरून, खिडकीतून, जिथून म्हणून हिरॉइन पडते, तिथून खरं तर ही पडते आणि उठून कपडे झटकते. म्हणून मांजर.

पडायची ती बापाच्या खोक्यांवर. बापाला सगळे आप्पा म्हणत. तोही तरुणपणी पडायचाच. कंबर गेली तेव्हा खोकी रचायला लागला. पुठ्ठ्याची रिकामी खोकी थरावर थर लावायची, भोवती दोर घालायचा, वर पातळ गादी टाकायची. माणूस वरून आला की खोकी मोडतात आणि माणूस शाबूत राहतो. पण त्यासाठी खोकं मऊ हवं. आप्पा प्रत्येक खोक्याची भिंत अंगठ्यानं दाबून बघायचा, बाजारात पिकलं फळ दाबून बघावं तशी. कडक निघालं की ते बाजूला. सगळं मनासारखं झालं की ढिगावर तळहाताचे दोन दणके. पहिला जड, दुसरा हलका. म्हणजे, ये. ते दणके ऐकल्याशिवाय वरच्यानं पाय सोडायचा नाही, असा त्या धंद्यातला कायदा. कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडला तर हाडंही मोडतात.

त्या खेपेचा सिनेमा रक्तपिशाच्चांचा होता, कुठल्याशा गाजलेल्या कॉमिकवरून काढलेला. एक पिशाच्च बाई आपल्यासारख्याच दुसऱ्या पिशाच्चांना हुडकून हुडकून मारते, अशी गोष्ट. बंद पडलेल्या कारखान्यात शूटिंग. भर दुपारी खिडक्यांना काळी फडकी ठोकून रात्र केलेली. रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि लाल रंग. त्याच्यावर पिशाच्चांपेक्षा मुंग्याच जास्त तुटून पडत. मांजरला हिरॉइनसारखाच काळा झगा, तोंडात सुळे आणि डोळ्यांत पांढऱ्या काचा. काचा घातल्या की सगळं जग दुधात बुडाल्यासारखं दिसायचं. खाली खोकी आहेत की खड्डा, काही कळायचं नाही. सगळी भिस्त कानावर.

उडीच्या दिवशी सकाळी आप्पानं शेगडीवरचं चहाचं पातेलं उचललं, फडक्याशिवाय. सावकाश ओट्यावर ठेवलं, चहा गाळला, कप तिच्यापुढं सरकवला. तळहाताची कातडी पांढरी पडून फुगत चालली होती, आणि हा विचारत होता, चहा पातळ झाला का.

"आप्पा, हात बघा."

त्यानं दुसऱ्या कुणाचा असावा तसा आपल्या हाताकडं बघितलं. "एवढं तापलं नव्हतं पातेलं," म्हणाला.

साखरेचा आजार त्याला जुना. पाय बधिर झालेत हे तिला माहीत होतं. आजार हातापर्यंत पोचलाय हे म्हाताऱ्यानं गिळून ठेवलं होतं. आणि त्याच हाताच्या अंगठ्यावर तिचा मणका टांगलेला.

फाइट मास्तरच्या कानावर घालायचं असं तिनं वाटेत ठरवलं. मास्तर एके काळी आप्पाच्याच खोक्यांवर पडायला शिकलेला. पण सांगितलं की आप्पा घरी बसणार. घरी बसलेला आप्पा कसा असतो हे आई गेली तेव्हा तिनं बघितलं होतं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा, पाणीसुद्धा मागायचा नाही. मास्तर समोर आला, आज तब्येत बरी का म्हणून विचारून गेला, आणि तिनं तोंडातून ब्र काढला नाही.

पहिली उडी पाठीवर घेतली. अंग बरोबर आलं, पण टाच कुठल्या तरी खोक्यावर फळीवर आपटावी तशी आपटली. कळ मस्तकात गेली. ती सरळ चालत बाहेर आली आणि आप्पाजवळून जाताना हळूच म्हणाली, खालच्या थरात एक कडक होतं. आप्पा तिच्याकडं न बघता म्हणाला, असेल.

दिग्दर्शकाला ती उडी पसंत पडली नाही. कॉमिकचं पान त्यानं पुठ्ठ्यावर डकवून गळ्यात अडकवलेलं. चित्रातली बाई डोकं खाली, हात पसरून, वटवाघळासारखी पडते. त्याला तशीच हवी होती. मास्तरनं मान हलवली, ती शेवटच्या घटकेला पाठीवर वळेल म्हणाला. पण खोकी सगळी चेमटलेली. मग जाहिरातवाल्यांच्या खोलीतून नवी आणली. कॉमिकचे गठ्ठे ज्यातून आले होते तीच, रिकामी करून. पुस्तकांचं ओझं पेलायला केलेली ती जाड दुहेरी भिंतीची खोकी. आणणाऱ्यांच्या लेखी खोकं ते खोकं. आप्पानं एकेक अंगठ्यानं दाबलं आणि रचलं.

मांजर शिडीनं वर गेली. कडेला पाय लावून उभी राहिली. खाली सगळं पांढरं, तोंडात सुळे, आणि कान दणक्यांकडं लागलेले.

दणके आलेच नाहीत.

खाली आप्पा गुडघ्यावर बसला होता. त्यानं ढिगाला गाल लावून दाबलं, मग दुसरीकडं, मग परत तिथंच. तिला यातलं काही दिसलं नाही, मागाहून मास्तरनं सांगितलं. तिला ऐकू आला तो दोर सुटल्याचा आवाज, मग पुठ्ठा फाटल्याचा.

"थांबवा," आप्पा म्हणाला. "पोरी, शिडीनं उतर. माझ्या हाताला कळत नाही."

दिग्दर्शक खूप काही बोलला, ते कुणी मनावर घेतलं नाही. मास्तरनं खोकी दाबली. जिथं तिचं डोकं आलं असतं, नेमकी तिथलीच दगडासारखी कडक. त्याचा चेहरा उतरला.

"कधीपासून, आप्पा?"

"झाले बरेच दिवस."

"आणि आम्ही तुमच्या भरवशावर पडत होतो."

"पडत होता, तसे उठतही होता."

"आज ही उठली नसती."

उद्यापासून येऊ नका, असं मास्तरनं त्याला सगळ्यांदेखत सांगितलं. आवाज चढवला नाही एवढीच त्यानं जुन्या गुरूची ठेवलेली लाज. आप्पा फाटक्या पुठ्ठ्यांच्या ढिगावर जाऊन बसला.

रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानातून हलकी खोकी मागवली. मास्तरनं ती स्वतः रचली. मांजर पुन्हा वर. दोन दणके आले, दोन्ही सारखेच जड. तिचा पाय सुटेना. हट्ट नव्हता तो, पायच तिचं ऐकत नव्हता. मास्तरनं पुन्हा दणके दिले. ती तशीच उभी. खाली कुजबुज सुरू झाली, मांजर घाबरली म्हणून कुणी तरी हसलंही.

शेवटी मास्तर म्हाताऱ्यापुढं जाऊन उभा राहिला. "चला आप्पा. ती माझ्या हातावर येत नाही."

"नीट रचलंस का?"

"रचलंय."

"गाल लावून बघितलंस?"

मास्तरनं मुकाट्यानं परत जाऊन गाल लावला, मग मान डोलावली. आप्पा उठला. त्यानं न रचलेल्या, हाताला न कळणाऱ्या खोक्यांवर तळहात उगारला.

पहिला जड. दुसरा हलका.

तिनं पाय सोडला. डोकं खाली, हात पसरलेले, झगा फडफडतोय, आणि शेवटी पाठ वळवून ती खोक्यांत बुडाली. खोकी कडाकड मोडत गेली. दुधाळ काचांतून वर कुणाचं तरी डोकं दिसलं.

"वाजले का नीट?" आप्पा विचारत होता. "मला लागले नाहीत."

तिनं तोंडातले सुळे काढले. "वाजले."

ती उडी पुढं पोस्टरवर आली, हिरॉइनचा चेहरा लावून. आप्पा आता घरीच असतो. भिंतीकडं तोंड करून पडतो, जेवायला हाक मारली की उठतो. चहाचं पातेलं तिनं उंच फळीवर ठेवलंय, त्याचा हात पोचू नये म्हणून. ती मास्तरच्या खोक्यांवर पडते. दोन दणके येतात, चांगले ठणठणीत, आणि तरी ती जराशी थांबते. त्यावरून तिला बोलणीही बसली आहेत. ती ऐकून घेते, आणि पुढच्या उडीला पुन्हा तेवढीच थांबते.