चुलीमागे भाडं

हिशेबनिसांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ग्रंथालयाच्या तळघरात एका लोखंडी कपाटाला झापत होती.

"खातोस पोटभर आणि काम काडीचं नाही! आज तुझं बिऱ्हाड उचललंच म्हणून समज."

हिशेबनीस दारातच थबकले. एखादा शिपाई आत झोपलेला सापडला असावा, असं त्यांना वाटलं. पण खोलीत ती एकटीच होती. बाहेर रस्ता तव्यासारखा तापलेला, आणि हिच्या अंगात जाड स्वेटर. कपाटातले सर्व्हर तापू नयेत म्हणून ती खोली कायम गारठ्यात ठेवलेली असे.

"कोणाला बोलताय?" त्यांनी विचारलं.

"भाडेकरूला," ती मागे न वळता म्हणाली. "तीन महिने झाले, याच्याकडे कुत्रंसुद्धा फिरकलेलं नाही. तुम्ही नवे हिशेबनीस ना? दार लावून घ्या काका, गारवा पळतो."

तिची बोलण्याची तऱ्हाच तशी होती. एका सर्व्हरमध्ये विशिष्ट सॉफ्टवेअरच्या जोरावर अनेक यंत्रं असल्याचा भास निर्माण करता येतो. एकात पुस्तकांची सूची नांदते, दुसऱ्यात सभासदांची नोंद, तिसऱ्यात पगारपत्रकं. आणि प्रत्येकाला वाटतं, आख्खं घर आपल्याच मालकीचं. या आभासी यंत्रांना ती भाडेकरू म्हणायची, म्हणून सगळं ग्रंथालय तिला घरमालकीण म्हणायचं. हा शब्द तिने माहेरून आणला होता. आईवडील लवकर गेल्यावर तिला मावशीने वाढवलं आणि मावशीचं पोट खोल्या भाड्याने देण्यावर चाले. कोणाचा नळ गळतो, कोणाचा कोणाशी अबोला आहे, कोण न सांगता पाहुणे ठेवून घेतो, हे ऐकतच ती मोठी झाली. पुढे शिकली, सर्व्हर सांभाळू लागली, पण नजर मावशीचीच राहिली.

त्याच मावशीच्या आजारपणासाठी ती अर्धं वर्ष रजेवर गेली होती. हिशेबनीस रुजू झाले ते तेवढ्यात. त्यामुळे दोघांची गाठ पडली ती आज, आणि तीही एका कागदावरून. आभासी यंत्रांच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स नव्याने घेण्याचं ते कोटेशन होतं. आकडा वाचून हिशेबनिसांनी चष्मा पुसला होता, पुन्हा वाचला होता, आणि मग थेट तळघर गाठलं होतं.

"हे सॉफ्टवेअर आहे की सोन्याची खाण?" ते म्हणाले. "मागच्या वेळेपेक्षा इतकं जास्त? कुणीतरी आपल्याला टोपी घालतंय."

तिने कागद घेतला आणि तिचा चेहरा उतरला. "टोपी नाही काका. नियम बदललाय. पण तरीही हे जास्तच वाटतंय. बघते."

वरच्या मजल्यावर संचालकबाईंनी निकाल देऊन टाकला होता. पैशांचं भांडं एकच. लायसन्सला इतके गेले तर बोलक्या पुस्तकांची खोली पुढच्या वर्षावर. दृष्टी नसलेल्या वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करण्याची ती खोली निम्मी बांधून झाली होती. भिंतींना आवाज शोषणारे फलक लागले होते, यंत्रं यायची बाकी होती. वाद्यं दुरुस्त करणारे एक अंध गृहस्थ दर आठवड्याला फोन करत आणि फोन नेमका हिशेबनिसांच्या टेबलावर वाजे.

"काय साहेब, आमची खोली कुठवर आली? मी हल्ली कादंबरीच्या मध्यावर अडकलोय. वाचून दाखवणारी भाची लग्न होऊन गेली. नायिका बोटीत चढलीय, ती उतरली की नाही तेवढं तरी सांगा!"

हिशेबनीस "होईल, होईल" म्हणत, आणि फोन ठेवल्यावर उगाच पेनं सारखी करत बसत.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खाली गेले, या खेपेला स्वतःचा स्वेटर घेऊन. "मला समजेल असं सांगा," ते म्हणाले. "इंग्रजी शब्द आला की मी उठून जाणार."

"बसा. आमची मावशी भाडं कसं घ्यायची माहितीय? माणशी नाही, खोलीमागेही नाही. चुलीमागे. एका खोलीत दोन भाऊ राहिले आणि दोघांच्या चुली वेगळ्या, तर भाडं दोन. का? तर म्हणायची, चूल आली की धूर आला, पाणी आलं, भांडण आलं."

"बरं."

"पूर्वी ही कंपनी घरामागे पैसे घ्यायची, म्हणजे प्रोसेसरमागे. एकदा दिले की विषय संपला. आता ती मावशीची शिष्या झालीय. प्रोसेसरच्या पोटात कोअर असतात, काम करणारे गाभे. त्या आमच्या चुली. आता दर वर्षी, दर चुलीमागे."

"पेटवली नाही तरी?"

"पेटवा नाहीतर मांजर झोपवा तिच्यात, चूल ती चूल. शिवाय देखरेखीची साधनं आधी हवी तेवढी मिळायची, आता गठ्ठाच घ्यावा लागतो. सुई मागितली तर शिवणयंत्र गळ्यात."

हिशेबनीस हसले. मग त्यांनी विचारलं, "आणि आपल्या घरात चुली किती?"

"तेच तर! आपले भाडेकरू मूठभर, आणि चुली पाहाव्या तर लग्नघर! जुन्या सर्व्हरांच्या दुप्पट. मी रजेवर असताना हे नवे सर्व्हर कुठल्या शहाण्याने घेतले कोण जाणे."

हिशेबनिसांना आपले कान तापल्याचं त्या गारठ्यातही कळलं. तो शहाणा म्हणजे तेच होते. विक्रेत्याने सांगितलं होतं, त्याच किमतीत दुप्पट कोअरचे देतो. आणि त्यांनी, भाजीबरोबर कोथिंबीर फुकट मागणाऱ्या माणसाने, एका क्षणात सही ठोकली होती. वर महिनाभर कौतुक मिरवलं होतं. वर काम आहे असं सांगून ते उठले.

घरी बायकोने आधी सगळं ऐकून घेतलं. मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! तुमच्या काटकसरीचं असंच होणार होतं एक दिवस."

"अगं, पण आता सांगू कसं?"

"तोंडाने. दुसरं काय?"

सोमवारी संचालकबाईंसमोर बैठक भरली. घरमालकीण पडद्यावर तक्ते लावून उभी राहिली, आणि तिथे तिची जीभच अडखळली. तळघरात धबधब्यासारखी बोलणारी बाई वर येताच 'सबस्क्रिप्शन' आणि 'प्लॅटफॉर्म'मध्ये बुडू लागली. संचालकबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"चुली सांगा," हिशेबनीस हळूच म्हणाले.

"काय?"

"मावशीच्या चुली सांगा. आणि बाई, त्या दुप्पट चुलींची कोंबडी मी आणलेली आहे. स्वस्त मिळाली म्हणून. मसाल्याचा भाव मी विचारलाच नाही."

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग घरमालकिणीला कळलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! काका, तो शहाणा तुम्ही? आणि मी तुमच्या तोंडावर..."

"म्हणालात. बरोबरच म्हणालात."

संचालकबाईंना हसू आवरेना. त्या हसण्यात घरमालकिणीचा घसा मोकळा झाला. तिने पडदा बंद केला आणि मावशी सांगितली, चुली सांगितल्या, सुई आणि शिवणयंत्रही सांगितलं. शेवटी म्हणाली, "आपल्याला चुली थोड्या हव्यात, पण जाळ मोठा हवा. कमी कोअरचे, वेगवान. आणि रिकामटेकडे भाडेकरू मी हाकलतेच आहे."

"पण हे घेतलेले सर्व्हर कोण परत घेणार?" संचालकबाईंनी विचारलं.

यावर हिशेबनिसांनी कॉलर सारखी केली. घासाघीस हा त्यांचा प्रांत. शेजारच्या महाविद्यालयात हवामानाची गणितं सोडवणारी एक प्रयोगशाळा होती. त्यांचं सगळं सॉफ्टवेअर फुकट मिळणारं, म्हणजे तिथे चुलीमागे कोणी भाडं मागत नव्हतं. उलट चुली जितक्या जास्त तितकं गणित लवकर शिजे. आणि त्यांच्याकडे कमी कोअरचे, वेगवान सर्व्हर पडून होते. अदलाबदलीचं बोलायला हिशेबनीस आणि घरमालकीण दोघं मिळून गेले. तिने यंत्रं उघडून तपासली, त्यांनी प्राध्यापकांशी चहावर चहा पीत हमीची कागदपत्रंही पदरात पाडून घेतली. प्राध्यापक निरोप देताना म्हणाले, "तुम्हाला फसवल्यासारखं वाटतंय हो मला." हिशेबनीस गाडीत बसेपर्यंत गंभीर राहिले, मग दोघंही खो खो हसत सुटले.

नवं कोटेशन आलं, ते निम्म्याहून कमी. वाचलेल्या पैशांत ध्वनिमुद्रणाची यंत्रं आली, बोलक्या पुस्तकांची खोली सुरू झाली. पहिलं पुस्तक ध्वनिमुद्रित झालं ते बोटीतल्या नायिकेचं, आणि वाचायला बसली हिशेबनिसांची बायको. वाद्यवाल्या गृहस्थांनी फोन करून कळवलं की नायिका उतरली, पण चुकीच्या बंदरावर.

या गोष्टीचा बोभाटा झाला तसे इतर संस्थांचे हिशेबनीस आपापली कोटेशनं घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरू लागले. घरमालकिणीला प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला. आता दर शनिवारी सकाळी ती ग्रंथालयाच्या वाचनकक्षात त्यांचा वर्ग घेते.