किंचाळ्यांचा किनारा

नागावच्या किनाऱ्यावर लोक किंचाळायचे पैसे देतात. पाहुण्यांना रबराच्या लांबट बनाना बोटीवर बसवायचं, स्पीडबोटीने ओढत न्यायचं आणि मुद्दाम पाण्यात उलटवायचं, एवढाच तो धंदा. जीवन ती स्पीडबोट चालवायचा. पब्लिक जितक्या जोरात ओरडेल तितका खेळ झकास, हे त्याचं ठरलेलं गणित.

त्या गणितानेच त्याचा घात केला. तीन वर्षांपूर्वी ऐन गर्दीत डावीकडून आरडाओरडा ऐकू आला. मजा चाललीय असं समजून त्याने मानसुद्धा वळवली नाही. वळवली तेव्हा पोहायला उतरलेला एक पाहुणा बुडत होता. जीवनने त्याला बाहेर काढलं, पण प्राण गेला होता. गावात कोणी त्याला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं त्यालाच वाटे.

तेव्हापासून कोणी किंचाळलं की त्याच्या छातीत धस्स व्हायचं, हातपाय गार पडायचे. बोट भावाच्या, विनेशच्या हवाली करून तो नारळाच्या वाडीत राबू लागला. घरच्यांनी दर्याला नारळ दिला, उतारा काढला. बिचाऱ्यांना जे ठाऊक ते त्यांनी केलं. दर्यावर वाढलेला बाप्या भितो, हे मात्र कोणी तोंडातून काढलं नाही. त्यानेही नाही. आणि त्याची पोर, प्राप्ती, जन्म समुद्रकाठी काढून गुडघाभर पाण्यातही उतरली नव्हती. तो उतरूच देत नसे.

शेवटी बायकोने, हेमालीने, हट्टाने त्याला अलिबागला नेलं, विनिताताई नावाच्या समुपदेशकांकडे. त्यांनी खोदून काही विचारलं नाही. एक लाकडी पट्टी त्याच्या डोळ्यांसमोरून हळूहळू सरकवली. ती डावीकडे आली की त्याचा श्वास अडकायचा. "नजर इथेच राहू दे. बोलायलाच हवं असं नाही," त्या म्हणाल्या. हात छातीवर आडवे घेऊन आळीपाळीने खांदे थोपटायला शिकवलं. "तो दिवस संपला, हे तुमच्या मेंदूला अजून कोणी सांगितलेलं नाही. आपण सावकाश सांगू."

सावकाश म्हणजे फारच सावकाश. मध्येच त्याने जाणं सोडलं, हेमालीने पुन्हा पिटाळलं. पावसाळा उलटला, बोटी परत पाण्यात आल्या. एका सकाळी त्याने प्राप्तीला लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे पुन्हापुन्हा ओढून पाहिले आणि विनेशला म्हणाला, "ने तिला. पन हळू."

बोट वळली, प्राप्ती किंचाळली. जीवनच्या छातीत तेच धस्स, हातापायांना तोच गारठा. भर किनाऱ्यावर, लोकांदेखत, त्याने हात खांद्यांवर आडवे घेतले. तो थोपटत राहिला, ऐकत राहिला. ती पुन्हा किंचाळली, आणि या खेपेला त्यात पोरीचं हसू त्याला स्पष्ट ऐकू आलं.

प्राप्ती निथळत धावत आली. बापाचा चेहरा बघून थबकली.

"बाबा, भ्यालास काय?"

आजूबाजूला सगळे बोटवाले उभे होते.

"व्हय गो," जीवन म्हणाला, "लय भ्यालो. जा, आजून एक फेरी मार."