आमच्या नळाची मोटर

यवतमाळात राहणाऱ्या माणसाचा दिवस नळ ठरवतो. नळ कधी चार दिवसांनी येतो, कधी आठवडा उलटतो, आणि आला की घरात एकही भांडं रिकामं ठेवायचं नाही हे आम्हाला लहानपणापासून पाठ असतं. ड्रम, बादल्या, कूलरची टाकी, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचा. साखरपुड्याचा दिवस धरताना नळाचा दिवस टाळणारी माणसं माझ्या नात्यात आहेत. नळाला टिल्लू पंप, म्हणजे लाईनीतलं पाणी ओढणारी छोटी मोटर, बहुतेक सगळेच लावतात. शेजारी लावतो म्हणून आपण लावायची आणि आपण लावतो म्हणून पलीकडच्याने. सगळ्यांकडे असल्यामुळे त्याबद्दल कोणी बोलत नाही.

माझा उभा जन्म या गावात गेला. आमच्या घराण्यात शेती कोणी केली नाही. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, मीही कचेरीतूनच निवृत्त झाले, आणि नवरा मिळाला तोही बांधकाम खात्यातला. निवृत्तीनंतर यांना शांततेचं वेड लागलं. आमचं घर रस्त्याला लागून आहे आणि समोर मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत खिडकीच्या काचा थरथरतात, हे मलाही मान्य आहे. पण म्हणून घर विकून खेड्यात जाऊन राहायचं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. मला शहर आवडतं. डॉक्टर हाकेच्या अंतरावर, भाजी दारात, आणि कोणी कोणाच्या घरात डोकावत नाही. तेवढ्यात घराला गिऱ्हाईक आलं. त्यांना गुढीपाडव्याच्या आत होय की नाही ते सांगायचं होतं. मी अट घातली, की संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत खेड्यात राहून पाहू आणि मग मी काय ते सांगेन. खरं म्हणजे माझं "नाही" तयारच होतं. यांना तोंडावर नको म्हणण्यापेक्षा दोन-अडीच महिने काढणं मला सोपं वाटलं.

आर्णीच्या अलीकडे एका गावात यांच्या जुन्या सहकाऱ्याचं घर रिकामं होतं. घर अगदी पाण्याच्या टाकीजवळ. पुढे चढाला लागून बंजाऱ्यांचा तांडा, आणि टाकीची लाईन आमच्या दारावरून तिकडे जाते. आम्ही टेम्पोतून ड्रम उतरवले तेव्हा बघायला चार माणसं जमली. एकाने विचारलं, "किराना टाकता काय साहेब?" हे मनापासून हसले आणि त्यांनी आधी मोटर जोडायला घेतली. नळ दिसला की मोटर, यात विचार करण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही, आणि मलाही वाटलं नाही.

गावात नळ रोज सकाळी येतो. यांना हे म्हणजे लॉटरी लागल्यासारखं झालं. रोज ताजं पाणी मिळतंय तर शिळं कशाला प्यायचं, म्हणून कालचे ड्रम हे पपईच्या झाडाला ओतायचे आणि नवे भरायचे. पपई फोफावली. मग अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि मला म्हणायचे, "बघ, काही ऐकू येत नाही." मला ते फार ऐकू यायचं. दुपारी तर असं वाटायचं, की आपण कुठेतरी बदलीवर आलोय आणि कोणी परत बोलावायला विसरलंय.

थोड्याच दिवसांत तांड्यातली एक बाई दारात आली. माझ्याच वयाची, उन्हाने रापलेली, कपाशीच्या वेचणीला निघाली होती. म्हणाली, "मॅडम, गुंडभर पानी भेटन का?" आम्ही दिलं. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर आणखी दोघी आल्या, आणि मग सकाळचा तो शिरस्ताच पडला. त्या अंगणात यायच्या, ड्रममधून गुंड, म्हणजे हंडे, भरायच्या, आपसात त्यांच्या गोरबोलीत काहीतरी बोलून हसायच्या आणि माझ्याशी वऱ्हाडीत बोलायच्या. हे ड्रमपाशी उभं राहून स्वतः पाणी काढून द्यायचे. "शहरात कोणी विरजण मागायला तरी येतं का?" असं मला ऐकवायचे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी चहा टाकू लागले. त्या बायकांनी माझी साडी, माझी पेन्शन, मला सून का नाही, सगळं विचारून घेतलं. एरवी मला याचा राग आला असता. तसा तो थोडा येतही होता, पण त्या येण्याच्या वेळेला मी केस विंचरून तयार असायचे.

होळी झाली आणि एका सकाळी नळ जाता जाता मोटर जळाली. हे दुसऱ्या दिवशी पहाटेच ती पिशवीत घालून स्कूटरवर आर्णीला निघाले. नळ आला, बारीक धारेने वाहत राहिला. मी एक बादली आणि माठ भरला. चहाचं आधण ठेवलं. त्या दिवशी कोणीच आलं नाही.

आधी वाटलं, कुठे लग्न असेल. मग वाटलं, माझं काही बोलणं लागलं असेल. बराच वेळ वाट बघून मी फाटकाबाहेर आले आणि वर पाहिलं. तांड्यातल्या नळांवर बायका पाणी भरत होत्या. कोणी तिथेच भांडी घासत होतं, एक म्हातारी नातवाला आंघोळ घालत होती. म्हणजे आमची मोटर चालू असली की वर पाणी चढत नव्हतं, आणि त्या आमच्याकडे येत होत्या ते स्वतःचंच पाणी मागायला. आम्ही त्यांना ते दानशूरासारखं वाढत होतो. बांधकाम खात्यात जन्म काढलेल्या माणसाला लाईनीचा उतार कळला नव्हता.

मी तशीच चढ चढून गेले. ती पहिली बाई दारात तूर पाखडत होती. तिने मला बाज दिली, पाणी दिलं. मी विचारलं, "आमच्या मोटरीमुळे तुम्हाला पाणी येत नव्हतं. एवढ्या दिवसांत सांगितलं का नाही?"

"कायले सांगाव?" तिने सूप खाली ठेवलं नाही. "तुमी पाव्हने मानसं. पाडव्याले जातीन म्हने. तेवढ्यासाठी काहून कोनाचं मन दुखवाव? गुंडभर पानी तं तुमी देऊनच राह्यले होते."

"पण उद्या साहेब मोटर दुरुस्त करून परत लावतील."

"लावू द्या ना." ती सहज बोलत होती. "जानार असान तं लावा, चालते. राह्यनार असान तं नका लावू."

ती पुन्हा तूर पाखडू लागली. मला वाईट वाटलं, आणि ते पाण्याबद्दल नव्हतं. माझा चहा, त्यांचं हसणं, सगळंच आता निराळं दिसायला लागलं. जाणाऱ्या माणसाला सांभाळून घ्यावं तसं त्या मला सांभाळून घेत होत्या. यवतमाळात आमच्या गल्लीत आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांचं पाणी ओढलं आणि दिवाळीला एकमेकांकडे फराळाची ताटं पाठवली. कोणी कोणाला मोटर बंद कर म्हटलं नाही. मी त्याला सभ्यपणा समजत आले. या बाईने राहणाऱ्यासाठी आणि जाणाऱ्यासाठी दोन वेगळे कायदे ठेवले होते, आणि मला तिच्या राहणाऱ्यांसाठीच्या कडक कायद्यात यावंसं वाटलं. ते मी तिला बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हटलं, "नाही लावणार." तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि मला पुढ्यातली तूर निवडायला दिली.

हे दुपार कलता परतले, खुशीत होते. मोटर पिशवीतून काढून म्हणाले, "नवं वाइंडिंग केलंय. आता आधीपेक्षा जोरात ओढेल." मी त्यांना वर काय पाहिलं आणि काय ऐकलं ते सांगितलं. ते मोटर मांडीवर घेऊन पायरीवर बसले.

"आपल्याला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"आता आहे."

"मग उन्हाळ्यात कसं व्हायचं? एप्रिल-मेमध्ये ही बारीक धार पण राहणार नाही. ड्रम नाही भरले तर..." ते थांबले. मग हळूच म्हणाले, "तू म्हणत होतीस ते काही चूक नव्हतं. यवतमाळात निदान डॉक्टर तरी जवळ आहे."

मला हसू आलं आणि त्यांची कीवही आली. त्यांना शांत गाव हवं होतं, पण भरलेल्या ड्रमांसकट. मी म्हटलं, "वरच्यांचं होतं तसं आपलं होईल. आटलं तर गुंड घेऊन आपण जाऊ त्यांच्या दारात, त्या नेतील तिथे."

यवतमाळचं घर घेणाऱ्यांचा नंबर यांच्याच मोबाइलमध्ये होता. मी मोबाइल यांच्या खिशातून काढून हातात दिला. यांनी नंबर शोधला, नावावर बोट ठेवलं आणि तसेच बसून राहिले. शेवटी होय सांगायला फोन मीच लावला.