रुमालाखालचा सौदा

देवीशी घासाघीस करू नये हे मला कळत होतं, पण घासाघीस हाच माझा धंदा. मी हेडी आहे, म्हणजे बैलांचा व्यापारी. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. वडिलांच्या गोठ्यात एक म्हातारी गाय तेवढी होती. भोरच्या बाजारात आज माझं नाव निघतं ते मी माझ्या तोंडाच्या जोरावर कमावलेलं आहे. त्याच तोंडामागे, घशात, गाठ निघाली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मी विचारलं, "निम्मा ठेवता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "काका, हा बाजार नाही."

बाहेर आलो तर माझा मेव्हणा सोपान दवाखान्याच्या फाटकाशी उभा. माझं तोंड बघून त्यानं खिशातून विडी काढली आणि म्हणाला, "घ्या दाजी. टेन्शन घेऊ नका." आणि मी घेतली. आजूबाजूला दुसऱ्या पेशंटांचे नातेवाईक धूर सोडत कॅन्सरवरच बोलत होते. आमच्यात विडी नाकारता येत नाही. सौदा जमला की विडी, मोडला तर राग जावा म्हणून विडी. कुणाची कुणी पेटवायची यालाही मान असतो. मयतीला गेलं तरी आधी विडी पुढे येते, मग रडणं. मला पहिली विडी ह्याच सोपाननं दिली, माझ्या लग्नाच्या मांडवात, नव्या जावयाचा मान म्हणून. माझ्या दुप्पट ओढतो, आणि त्याला साधा खोकला नाही. हे मला आजही पटलेलं नाही.

तो राग घेऊन मी वाघजाईच्या टेकडीवर गेलो. दरवर्षी जत्रेला देवीच्या पालखीला खांदा माझा, सोपान मागे झाडाखाली धूर काढत बसणार, आणि गाठ मला? मी देवीला स्पष्ट विचारलं. मग मुद्द्यावर आलो. म्हणालो, ऑपरेशनाशिवाय बरं कर, विडी सोडतो. देवी गप्प. म्हणालो, तंबाखूही सोडतो. देवी गप्प. बाजारात गप्प राहणारं गिऱ्हाईक सगळ्यात वाईट. आपलीच जीभ सुटते आणि आपणच वाढवत बसतो. शिव्या सोडतो म्हणालो, चहा सोडतो म्हणालो, शेवटी सोपानशी भांडण सोडतो इथपर्यंत आलो. तरी काही नाही. तेव्हा मी आमचा शेवटचा डाव टाकला. हात जोडले आणि उठून चालू लागलो. सौदा अडला की असंच करतात, पाठ फिरवायची आणि हळूहळू चालायचं. समोरच्याला गरज असेल तर तो मागून हाक मारतो. पायऱ्या मी इतक्या हळू उतरलो की पुजाऱ्याला वाटलं मला चक्कर आली. हाक काही आली नाही.

ऑपरेशनला संमतीची सही द्यायचा दिवस आला तरी माझं नक्की होत नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी सोपानवर ओरडत होतो, म्हणजे उरलेल्या घोगऱ्या आवाजात जमेल तेवढं. "मुका हेडी कुणी बघितलाय का? बैलाचं कौतुक काय शेपटी हलवून सांगू? त्यापेक्षा मेलेला बरा!" सोपान म्हणाला, "दाजी, हळू. लोकं बघत्यात."

तेवढ्यात माझ्या मागे टाळी वाजली.

वळून बघितलं तर धोतर-टोपीतला एक म्हातारा. गळ्यावर पांढरं फडकं बांधलेलं. त्यानं ते जरा उचललं. खाली भोक होतं, त्यातून तो श्वास घेत होता. आवाज नव्हता. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, स्वतःच्या हातावर पसरला आणि तो हात माझ्यापुढे केला. आम्ही हेडी लोक भाव असाच ठरवतो. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची. जितकी धरली तितका आकडा, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. रुमाल पुढे आला की माझा हात आपोआप जातो. गेला.

त्यानं माझी पाचही बोटं धरली. सोडली. पुन्हा पाचही धरली. मग दुसऱ्या हातानं गळ्याकडे बोट दाखवलं. मला कळलं. भोक पडून दहा वर्षं झाली म्हणत होता.

आणि मी काय केलं? सवयीनं त्याची तीनच बोटं दाबली.

म्हातारा हसला. आवाज नाही, नुसते खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं माझा हात झटकला आणि पुन्हा पाच, पुन्हा पाच, अशी बोटं धरली की हाडं कळवळली. मी माझ्याच आयुष्याचा भाव पाडत होतो, आणि तो एक पैसा उतरायला तयार नव्हता. मग आतून त्याला बोलावणं आलं. रुमाल खांद्यावर टाकून तो गेला. नाव मी विचारलं नाही, त्याला सांगता आलं नसतं.

"किती म्हणाला?" सोपाननं विचारलं. रुमालाखालचं सांगायचं नसतं. मी आत जाऊन सही केली.

कुणी म्हणेल, तपासणीला आलेला एखादा जुना हेडी असेल. असेलही. पण टेकडीवर मी जी हाक मागितली होती, ती मागूनच आली, आणि माझ्यासारख्यालाही ऐकू जाईल अशी आली.

आता मी बाजारात जातो. बैलाचं कौतुक सोपान करतो, अगदी वाईट करतो. परवा शिंगं सोडून शेपटीवरच बोलत राहिला. मी रुमालाखालून त्याला चिमटा काढतो. माझ्यासमोर तो विडी पेटवत नाही, कानावर ठेवतो. बाजूला जाऊन ओढतो हे मला ठाऊक आहे. त्याच्याबद्दलची तक्रार मी देवीकडून मागे घेतलेली नाही.

ऑपरेशन होऊन घरी आलो त्या दिवशी बायको म्हणाली, "मी बी नवस बोलले व्हते." मी हातानं विचारलं, काय? "म्हटलं, माणूस राहू दे. आवाज गेला तरी चालंल. तसा बी लई व्हता." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला की रडायला, कळलं नाही. सौदा तिनं केला होता, आणि एका बोलीत.

नंतर टेकडीवर गेलो. देवीपुढे बसलो, रुमाल हातावर पसरला आणि हात पुढे केला, तळवा वर. किती वर्षं हवीत ते सांगितलं नाही. एकही बोट दाबलं नाही. ती धरील तितकी बोटं माझी.