तोंडावर बोट

मला राग लवकर येतो. आई म्हणायची, हिच्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो. एकोणीस वर्षं पहिली-दुसरीच्या लेकरांना शिकवताना तो तिथंच मुक्कामाला राहिला. खोटं कशाला बोलू, मला त्याचा फायदाच झाला. माझ्या वर्गाला धाक आहे असं सगळे म्हणायचे आणि ते ऐकून मला बरं वाटायचं.

परभणीहून जिंतूरची एसटी धरायची, फाट्यावर उतरायचं, तिथून दोन किलोमीटर आत. तीन खोल्यांची सरकारी शाळा. एका खोलीत पहिली आणि दुसरी एकत्र, एकतीस लेकरं, खाली सतरंज्या. दर जूनमध्ये माझं पहिलं भांडण एकाच गोष्टीशी असतं. लेकरांना वाटतं की बाई जे बोलतील ते आपण त्यांच्यामागं म्हणायचं. कविता तशी म्हणतात, पाढे तसे म्हणतात, प्रार्थनाही तशीच. मग मी म्हणते, "पाटी काढा." वर्ग सुरात म्हणतो, "पाटी काढाऽऽ." पाटी कुणीच काढत नाही. मी म्हणते, "अरे, म्हणू नका, काढा!" तेही म्हणून दाखवतात. "समजलं का?" असं विचारलं की छप्पर उडेल एवढा "होऽऽ" येतो आणि सगळे तसेच माझ्या तोंडाकडं बघत बसतात.

हे मोडायला मला दिवाळी उजाडते. ओरडून, टेबलावर पट्टी आपटून, खेळ घेऊन. गोड बोलून होत नाही. गोड बोलून होतं असं आम्हाला प्रशिक्षणात सांगणाऱ्यांनी एकदा माझ्या खोलीत जून महिना काढावा, मग बोलू. पण जानेवारीपर्यंत माझा वर्ग असा तयार होतो की मी बोटानं खूण केली तरी एकतीस पाट्या निघतात. त्या वर्षीही तसंच झालं होतं.

आणि मग व्हिडिओ आला. म्हणजे व्हिडिओची मागणी आली. आमच्याकडं सगळं वरून येतं. सकाळी साडेदहाला हेडसरांच्या मोबाईलवर निरोप पडला की इयत्ता पहिली-दुसरीची लेकरं सूचना ऐकून कृती करतात याचा तीन मिनिटांचा व्हिडिओ आज दुपारी दोनपर्यंत ग्रुपवर टाकावा. आजच, दोनपर्यंत. जणू आमची लेकरं दुपारी दोननंतर ऐकायचं बंद करणार होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण हेडसर म्हणाले, "मॅडम, तुमच्या वर्गाला धाक आहे. तुमचाच घेऊ." मी लगेच पदर नीट केला. माझ्या रागाची किंमत एवढीच, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

पाच सूचना ठरवल्या. उभे राहा, दोन टाळ्या वाजवा, पाटी डोक्यावर धरा, खाली बसा, आणि शेवटी हाताची घडी, तोंडावर बोट. शेवटचं जरा वेळ धरायचं होतं, कारण हेडसरांना मोबाईल हळूहळू सगळ्या वर्गावरून फिरवायचा होता. मी बजावलं, "मी सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. जो हलेल त्याला मी बघते."

पहिल्या वेळी दारातून शेळी आत आली. दुसऱ्या वेळी हेडसरांनाच फोन आला. तिसऱ्या वेळी पहिलीतला एकजण पाटी डोक्यावर धरून "पाटी डोक्यावर धराऽऽ" असं ओरडला आणि सगळे हसले. मी त्याचा कान धरला. एवढं सगळं होईतो मधल्या सुट्टीची वेळ टळून गेली होती. सुट्टी मी दिली नाही. व्हिडिओ झाल्यावर देणार होते.

चौथ्या वेळी जमलं. एकतीस लेकरं हाताची घडी घालून, ओठावर बोट ठेवून बसली. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. हेडसरांनी मोबाईल फिरवला, अंगठा वर केला. मग म्हणाले, एकदा अजून घेऊ, उजेड कमी पडला. लेकरं तशीच बसून राहिली. माझी छाती फुगली होती.

ती खिडकीजवळ, सतरंजीच्या कडेला बसायची. दुसरीतली, बारीक आवाजाची. तिचे आईवडील दोघंही मजुरीला जातात, गावाबाहेर कालव्यापलीकडं घर आहे. शाळेत यायला तिला कधी उशीर झालेला मला आठवत नाही. माझं सगळ्यात जास्त ऐकणारं लेकरू कोणतं असं कुणी विचारलं असतं तर मी तिच्याकडंच बोट दाखवलं असतं.

मी "आता उठा" म्हणाले तेव्हा तीस उठले. ती उठली नाही. शेजारच्या पोरीनं सतरंजीकडं बघितलं आणि ओरडली, "बाई, हिनं सतरंजी वली केली!" आणि मग सगळा वर्ग हसला.

त्यावर मी काय बोलले ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. मी म्हणाले, "सांगता येत नव्हतं का? तोंड नाही का तुला?"

तिचं बोट तेव्हाही ओठावर होतं.

सतरंजी मी बाहेर वाळत टाकली. शेजारच्या पोरीबरोबर तिला घरी पाठवलं. हेडसरांनी पावणेदोनला व्हिडिओ टाकला. चारच्या एसटीत बसले तेव्हा ग्रुपवर फुलांचे गुच्छ पडायला लागले होते. टाळ्या, अंगठे. एका साहेबांनी लिहिलं होतं, "अतिशय सुंदर शिस्त. मॅडमचे अभिनंदन. इतरांनी आदर्श घ्यावा." मला छान वाटलं. वाटलंच होतं, लपवून काय उपयोग. म्हणून मी व्हिडिओ पुन्हा लावला, आपणच आपलं कौतुक बघायला.

दुसऱ्यांदा बघताना मला ती दिसली. मोबाईल खिडकीजवळ आला तेव्हा ती चांगली पाच-सहा सेकंद समोर होती. उजव्या हाताचं बोट ओठावर. डावा हात घडी घातलेला, आणि उजव्या कोपराखालून त्या डाव्या हाताची करंगळी बाहेर काढलेली. सरळ, ताठ.

आमच्या शाळांमध्ये करंगळी दाखवली की एकीला जायचं असतं, हे पहिलीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. तिला मीच शिकवलं होतं. घडी न मोडता, बोट न हलवता, तोंडातून आवाज न काढता ती मला विचारत होती. मी दिलेली एकही सूचना तिनं मोडली नव्हती. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते आणि मोबाईलकडं बघून हसत होते.

एसटीत मला रडू आलं नाही, संताप आला. त्या साहेबांवर, हेडसरांवर, त्या गुच्छांवर. व्हिडिओ काढून टाका म्हणून हेडसरांना फोन केला. ते म्हणाले, "आता कसा काढणार मॅडम? पुढं गेलाय." मग माझा संताप उतरत उतरत जिथं यायला हवा होता तिथं आला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. एकोणीस वर्षं "ऐका, ऐका" म्हणून बोंबलणारी बाई, आणि तिलाच डोळ्यांसमोरची करंगळी कळली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी तिला जवळ घेऊन म्हणाले, "काल माझं चुकलं. तुला जावंसं वाटलं की जायचं." तिनं मान हलवली. मी वर्गाला दटावलं की कालच्यावरून कुणी चिडवलं तर माझ्याशी गाठ आहे. संपलं, मिटलं, असं मी धरून चालले. आम्हा मास्तर लोकांना सांगितलं म्हणजे झालं असंच वाटतं.

मार्चमध्ये शाळा सकाळची झाली. उन्हं साडेनऊलाच डोक्यावर चढतात आपल्याकडं. आवारात एक लिंबाचं रोप आहे. शाळा सुटताना ती रोज आपल्या बाटलीतलं पाणी त्या रोपाला घालायची. मला कोण कौतुक! मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. "बघा, शिका काहीतरी," असं म्हणाले. ती खाली मान घालून उभी होती. मला वाटलं, लाजली.

एप्रिलच्या सुरुवातीला तिची आई तिला घेऊन शाळेच्या दारात आली. कामावर जायच्या गडबडीत होती, हातात विळा होता. म्हणाली, "बाई, एक सांगते, राग येऊ देऊ नका. आन आला तर येऊ द्या."

"काय झालं, ताई?"

"ही पोरगी पाणीच पिईना. लघवीला आग व्हायलीय म्हणून दोन दिस रडायलीय. जिंतूरला दवाखान्यात नेलं. डाक्टर म्हणला, पाणी पाजत न्हाई का लेकराला? म्या म्हणलं, बाटली तर रोज रिकामी आणती. मंग दटावून इचारलं तवा बोलली. लिंबाला वतती म्हणं."

मी विचारलं, "पण पीत का नाही?"

"का म्हंजे? पाणी पिलं की जावं लागतंय. जायाला तुमाला इचारावं लागतंय. तुमी तोंडावर बोट ठिवायला सांगितलंय." तिचा आवाज चढला. "तुमचंच ऐकायलीय ती. घरात माझं एक ऐकत न्हाई, अन् तुमचं एवढं ऐकायलीय की मरंल एखाद्या दिशी."

ती मुलगी आईच्या मागं उभी होती. माझ्याकडं नाही, माझ्या पट्टीकडं बघत होती. आई निघून गेली.

मी वर्गात आले आणि टेबलावरची माझी बाटली मला दिसली. भरलेली. ती रोज परभणीहून भरून येते आणि बहुतेक तशीच परभणीला परत जाते. कारण शाळेत एक संडास आहे, बांधलेला, फरशी बसवलेला, आणि त्याला कुलूप असतं. किल्ली हेडसरांच्या कपाटात. साहेब येणार असले की उघडतात, धुतात, फिनेल टाकतात. एरवी पोरं कुंपणाच्या पलीकडं जातात, पोरी भिंतीमागं. आणि मी जात नाही. एकोणीस वर्षं मी घरी जाईपर्यंत कळ काढते. दोनदा मुतखडा झाला, डॉक्टरांनी मलाही पाणी प्यायला सांगितलं. हेडसरांकडं किल्ली मागायची मला लाज वाटायची. आख्ख्या गावाला माझा राग माहीत आहे आणि एक किल्ली मागायला माझ्या तोंडावर बोट होतं. मला हे कुणी सांगितलंही नव्हतं.

मी तशीच हेडसरांच्या खोलीत गेले. म्हणाले, "किल्ली द्या."

"साहेब येणार आहेत का कुणी?"

"मी आलेय. किल्ली द्या."

"मॅडम, तापू नका. उघडं ठेवलं की पोरं घाण करतात. मग बोलणी मला खावी लागतात."

"घाण करायलाच बांधलंय ते, सर! देव बसवायला बांधलंय का?" माझा आवाज तिन्ही खोल्यांत गेला असणार, कारण शेजारी चौथीचे पाढे बंद पडले. "एक लेकरू दवाखान्यात जाऊन आलंय. आज किल्ली दिली नाही तर मी दगडानं कुलूप फोडते आणि त्याचा व्हिडिओ दोनच्या आत ग्रुपवर टाकते."

त्यांनी कपाट उघडलं. राग एवढी वर्षं मी लेकरांवर वाया घालवला, असं मला तेव्हा वाटलं.

किल्लीला लाल दोरी बांधली. वर्गाच्या चौकटीवर, दुसरीच्या लेकराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, एक खिळा ठोकला. सगळ्यांना सांगितलं, ज्याला जायचं त्यानं उठायचं, किल्ली घ्यायची, जाऊन यायचं, हात धुवायचे, किल्ली परत अडकवायची. मला विचारायचं नाही. करंगळीही नाही. "समजलं का?" छप्पर उडेल असा "होऽऽ" आला. तिनंही म्हटलं.

पहिल्या दिवशी सगळा वर्ग जाऊन आला, नव्या नवलाईनं. ती गेली नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही नाही. मी मधल्या सुट्टीत तिच्याजवळ बसून माझ्या बाटलीतलं पाणी प्यायचे आणि तिला तिच्या बाटलीतलं प्यायला लावायचे. ती दोन घोट घ्यायची, तेही माझ्याकडं बघत. बाई सांगतात म्हणून. तिच्या मनातून मला माझाच धाक काढायचा होता, आणि ती पाणीही माझी आज्ञा म्हणूनच पीत होती. असला राग मला आजवर कुणाचा आला नव्हता, जसा स्वतःचा आला.

उन्हाळ्याची सुट्टी लागायला आठवडा राहिला असेल. मी फळ्याकडं तोंड करून वजाबाकी लिहीत होते. मागून पाच-सहाजण एकदम ओरडले, "बाई, बाई, ती न इचारता गेली!"

वळून बघितलं. खिडकीजवळची जागा रिकामी होती, खिळाही रिकामा होता. तिची बाटली सतरंजीवर आडवी पडली होती, अर्धी.

थोड्या वेळानं ती दारात आली, ओले हात फ्रॉकला पुसत. मला बघून थबकली. आणि खरं सांगते, एकोणीस वर्षांची सवय माझ्या जिभेवर आली होती, कुणाला विचारून गेलीस? सगळा वर्ग तेच ऐकायला माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी ओठावर बोट ठेवलं. माझ्या.

तिनं टाचा उंचावून किल्ली खिळ्याला अडकवली आणि जागेवर जाऊन बसली.