दवाखान्यापुढचं औक्षण

भाऊ गावात आले की औक्षणाचं ताट विमलच्याच हाती असायचं. एवढे निवडून आलेले पुढारी, पण तिच्या पाया पडून विचारायचे, "आक्का, गुडघा कसा हाय?" तिचा नवरा गेला तेव्हा ते ओसरीवर खाली बसून रडले होते. मोठ्या माणसाचं ते रडणं विमलच्या मनात घर करून बसलं.

गावातल्या दवाखान्याची फीत भाऊंनीच कापली. म्हणाले, "आता लेकींनी बाळंतपणाला बिनघोर माहेरी यावं." त्या भरवशावर विमलनं आपल्या लेकीला, अर्पिताला, पहिल्या बाळंतपणाला आणलं. कळा सुरू झाल्या, तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं. जिंतूरच्या वाटेवर जीपमध्येच बाळ झालं. रडलं नाही.

भाऊ भेटायला आले. पुन्हा रडले. एवढं वाईट वाटतंय, तर कुलूप आता निघेलच, असं विमलला वाटलं. निघालं नाही.

अर्पिताला आता परभणीत सासरी पुन्हा दिवस गेले होते. "माय, या बारीलाबी तुझ्याकडंच येते," ती फोनवर म्हणायची. एकट्या घरात विमलला 'ये' म्हणावंसं वाटे, आणि ती 'बघू' म्हणे.

आज भाऊ पुन्हा गावात येणार होते. शेजारची नर्मदाबाई बोलवायला आली.

"चल की! बाया कमानीपाशी खोळंबल्यात."

"मी दवाखान्यापाशी थांबते."

"येडी का काय? तिथं कोन उतरतंय?"

"तेच बघायचंय."

कुलपापुढं ती पदराआड निरांजन धरून उभी राहिली. गाडी थांबली, काच खाली आली.

"आक्का, गुडघा कसा हाय? आपली अर्पिता बरी हाय ना?"

नाव ध्यानात होतं! विमलचं पाऊल पुढं पडू लागलं. तिनं ते आवरलं.

"भाऊ, उतरा. हे कुलूप उघडा, मग ओवाळते."

"पुढच्या महिन्यात नक्की, आक्का!" भाऊंनी हसून हात जोडले. गाडी कमानीकडं गेली.

"किती मायाळू मानूस!" कमानीकडून परतताना नर्मदाबाई म्हणाली. "तुझ्यासाठी गाडी थांबवली."

"थांबवली. उतरला न्हाई."

नर्मदाबाई फणकाऱ्यानं पुढं निघून गेली. दिवेलागणीला रोजच्या बायांपैकी कुणी ओसरीवर आलं नाही. विमलनं फोन लावला.

"अर्पे, तू येऊ नको."

"रागावलीस का, माय?"

"न्हाई गं. तिथं दवाखाना उघडा असतो."

"मग तूच ये राहायला."

"लेकीच्या सासरी माय मुक्कामाला राहत न्हाई, बाई. सासू हाय ना तुझी."

फोन ठेवून ती ताटाशी बसली. निरांजन पुन्हा लावलं. घरात तेवढीच सोबत होती.