मद्रासच्या लॉजवरची बंद तार

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकतं. कोणी ही वही वाचलीच तर माफ करावं. मी चौथीपर्यंतच शिकले. भुताखेतांवर, अंगात येण्यावर माझा कधी विश्वास नव्हता... तरी हे लिहून ठेवते.

आम्ही कानडी मुलखात, बसवनगुडीत राहतो. हे कारखान्यात नोकरीला. दौऱ्यावर गेलं की ऑफिसने ठरवलेल्या लॉजमध्येच उतरायचं, असा तिथला नियम. पण मद्रासला यांची मावशी. "माझं घर असताना लॉजमध्ये झोपणार? लोक मला काय म्हणतील?" म्हणून रुसायची. मग हे गुपचूप तिच्याकडे राहायचे आणि ऑफिसने लॉजसाठी दिलेले पैसे घरात खर्च व्हायचे. मला आवडत नव्हतं, पण मी कधी बोलले नाही.

त्या खेपेला हे मद्रासला असताना आमच्या पाच वर्षांच्या कुसुमचं पोटाचं ऑपरेशन निघालं. रक्त हवं होतं, माझं जुळेना. शेजारी रामण्णा राहतात, तेही यांच्याच ऑफिसातले. ते धावत जाऊन तार करून आले.

"अक्का, लॉजच्या पत्त्यावर पाठवली. स्वल्प धीर धरा."

हे तिथे नाहीत, हे मला एकटीलाच माहीत. मावशीचा पत्ता यांच्या डायरीत, डायरी यांच्या खिशात. मी कुसुमच्या उशाशी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दवाखान्याच्या दारात उभे. यांचं रक्त जुळलं. पोर वाचली.

"अहो, तुम्हाला कळलं कसं?"

"लॉजचा म्हातारा आला ना मावशीकडे. म्हणाला, लॉजवरून आलोय, मुलगी आजारी आहे, आजचीच गाडी धरा."

पंधरा दिवसांनी लॉजकडून ऑफिसात पाकीट आलं. आत आमची तार — न उघडलेली. सोबत चिठ्ठी, की हे गृहस्थ इथे उतरलेच नाहीत. यांनी लॉजला पत्र लिहून म्हाताऱ्याबद्दल विचारलं. असा कोणी म्हातारा आमच्याकडे नाही, असं उत्तर आलं.

यांची चोरी उघडी पडली. साहेब एवढंच म्हणाले, "नियम अडीअडचणीला तुमचा पत्ता लागावा म्हणून आहे हो." नोकरी राहिली. आधीच्या दौऱ्यांचे लॉजचे पैसेही पगारातून हप्त्याने कापायचे ठरले.

आता हे ऑफिसातल्या नव्या लोकांना सांगतात, "मावशीकडे जेवा, झोपायला लॉजवर जा." मावशी अजून रुसलेली आहे.

तो म्हातारा कोण, त्याला मावशीचं घर कसं सापडलं, मला आजही सांगता येत नाही. त्याला मनातल्या मनात नमस्कार करते. काल शेवटचा हप्ता कापला गेला. सगळे पैसे फिटले.